घरी तिजोरी बसवताना कोणाला किती कळू द्यायचं

तिजोरी घेताना आपण पत्रा किती जाड आहे ते विचारतो, दार ठोकून बघतो, ऑफर कधीपर्यंत आहे ते पाहतो. ती घरात कशी येणार, कोण बसवणार आणि जाताना ती माणसं काय काय बघून जाणार, हे मात्र टेम्पो दारात उभा राहिल्यावर सुचतं. दुकानातला विक्रेता, टेम्पोवाला, गेटवरचा वॉचमन, लिफ्टमध्ये भेटलेला शेजारी, ड्रिल मारणारा कारागीर आणि शेवटी खोका उचलणारा भंगारवाला, एवढ्या जणांना एका दिवसात कळतं की अमुक फ्लॅटमध्ये तिजोरी आली. यातल्या बहुतेकांच्या मनात काहीही वावगं नसतं. पण चहाच्या टपरीवर गप्पा होतात, आणि ऐकणारे सगळेच तसे असतील असं नाही.

तिजोरीबद्दल बाहेरच्याला चार गोष्टी कळू शकतात: ती घरात आहे, नेमकी कुठे आहे, कशी उघडते आणि आत काय आहे. कोणाही एका बाहेरच्या माणसाला यातल्या दोनपेक्षा जास्त कळू द्यायच्या नाहीत, एवढाच हिशोब धरून चालायचं. पहिली गोष्ट पूर्ण लपत नाही, त्याचा फार त्रास करून घेऊ नका. शेवटच्या दोन मात्र सर्वस्वी तुमच्या हातात आहेत.

खरेदी: वजन आणि मानक

स्टीलच्या कपाटातला आतला कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे. जाड स्क्रूड्रायव्हरपुढे तो फार वेळ टिकत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या आठ-दहा किलोच्या डिजिटल लॉकरचंही तसंच. बोल्ट न लावता तो कपाटात नुसता ठेवला, तर चोराला उघडायची गरजच नाही. चादरीत गुंडाळून नेला की पुढचं काम निवांत, शेतात किंवा खाडीकाठी.

भारतात तिजोऱ्यांसाठी आयएस ५५० हे भारतीय मानक ब्यूरोचं मानक आहे. आयात केलेल्या मालावर युरोपीय ईएन १४४५० (घरगुती आणि हलक्या तिजोऱ्या, एस१ आणि एस२ अशा पातळ्या) किंवा त्याहून कडक ईएन ११४३-१ दिसेल. या दुसऱ्या मानकात एक बोलका नियम आहे: सुट्या ठेवायच्या तिजोरीचं वजन १,००० किलोपेक्षा कमी असेल, तर तिला जमिनीला किंवा भिंतीला बांधण्याची सोय असलीच पाहिजे. टनाच्या आतली तिजोरी उचलून नेता येते असं धरून चालणारे लोक हे मानक लिहितात. आपली चाळीस किलोची पेटी मग कुठे बसते ते बघा.

आगीपासून वाचवणारी तिजोरी आणि चोरापासून वाचवणारी तिजोरी यांतही गल्लत होते. कागदपत्रांच्या अग्निरोधक तिजोरीच्या नेहमीच्या चाचणीत, ठरलेला वेळ बाहेर आग असताना आतलं तापमान सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहावं लागतं. खरेदीखत त्यात वाचेल, पेन ड्राइव्ह वाचेलच असं नाही. आणि नुसती अग्निरोधक पेटी पहारीपुढे तग धरेल असंही नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्हीचं प्रमाणपत्र मागा.

वजन ठरवताना घराकडेही बघा. आपल्याकडे राहत्या खोलीच्या स्लॅबवर वापराचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात (आयएस ८७५, भाग २). याचा अर्थ दोनशे किलोची तिजोरी ठेवली की स्लॅब कोसळेल असा नाही, पण खोलीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा बीमजवळच्या कोपऱ्यात ठेवणं शहाणपणाचं. दीडशे-दोनशे किलोच्या पुढे जायचं असेल, किंवा घर जुन्या वाड्यात लाकडी तुळयांवर असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा विचारा. लिफ्टमधली पाटीही वाचून ठेवा: सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची असते, आठ माणसांची ५४४ किलोची. तिजोरी, ट्रॉली आणि दोन हमाल मिळून आकडा पटकन वर जातो.

जागा

आता थोडं अप्रिय बोलतो. वास्तुशास्त्र मानणाऱ्या घरांत तिजोरी नैऋत्येला आणि दार उत्तरेकडे उघडणारं, हे ठरलेलं असतं. तुमची श्रद्धा असेल तर ती पाळा. फक्त हे लक्षात घ्या की हे चोरालाही ठाऊक असतं. त्यात ती मास्टर बेडरूममध्ये आणि कपड्यांच्या कपाटात असेल, तर त्याला शोधावं लागतच नाही. श्रद्धा आणि सुरक्षा दोन्ही सांभाळायच्या असतील, तर दिशा तीच ठेवून खोली बदला. स्टोअररूम, माळ्याखालचा कोनाडा, अभ्यासाच्या टेबलामागचं बंद खण, अशा जागा चालतात.

मात्र बाथरूमला लागून असलेली भिंत टाळा. तिच्यात पाण्याचे नळ दडवलेले असतात आणि ओल येते. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या समुद्रालगतच्या भागात पावसाळ्यात तिजोरीच्या आत कुबट वास धरतो, कागद चिकटतात. अग्निरोधक तिजोरीत भरलेल्या मसाल्यातच ओलावा असतो, त्यामुळे ती जास्तच दमट राहते. सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि महिन्यातून एकदा दार थोडा वेळ उघडं ठेवा.

जागा निवडताना एक पाहायचंच. तिजोरी कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंतीला चिकटून बसली पाहिजे. दाराची जी कड उघडते ती शक्यतो भिंतीच्या बाजूला ठेवा. पहार घालून रेटायला हात लांब फिरवावा लागतो, तिथे तेवढी जागाच मिळत नाही. बोल्टइतकाच या कोपऱ्याचा उपयोग होतो, आणि तो फुकट मिळतो.

ऑर्डर देताना

दुकानदाराशी किंवा कंपनीशी हे आधी बोलून घ्या:

डिलिव्हरी आणि बसवणं एकाच दिवशी होणार की वेगवेगळ्या? वेगवेगळ्या असेल तर मधले दिवस तिजोरी खोक्यात पडून राहते आणि येणारे-जाणारे पाहतात. एकाच दिवशी होत नसेल तर खोका आतल्या खोलीत ठेवा, हॉलमध्ये नको.

बसवायला येणारा माणूस कंपनीचा की बाहेरचा? नाव आणि मोबाइल नंबर आदल्या दिवशी मागा. तो दारात आल्यावर त्याने दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री करू नका. पावतीवरच्या किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरच्या नंबरवर करा.

खोक्यावर बाहेरून काय छापलेलं असतं? काही खोक्यांवर तिजोरीचा मोठा फोटोच असतो. वरून साधा पुठ्ठा किंवा गोणपाट गुंडाळून पाठवा असं सांगितलं, तर बरेच दुकानदार ऐकतात.

धनत्रयोदशीच्या आसपास तिजोऱ्या खूप विकल्या जातात, आणि त्याच दिवसांत कंपन्यांकडे माणसं कमी पडतात, मग ठेकेदाराकडून कोणीही येतं. मुहूर्ताला पूजा करायची असेल तर तिजोरी दोन-तीन आठवडे आधी बसवून घ्या आणि धनत्रयोदशीला किंवा लक्ष्मीपूजनाला फक्त कुंकू लावा. त्या दिवशी घरी येणाऱ्या पाहुण्यांसमोर दार उघडायचं की नाही, हेही आधीच ठरवा.

मुलं पुण्या-मुंबईबाहेर किंवा परदेशात आणि आई-वडील एकटे घरी, अशी खूप घरं आता आहेत. मुलगी न्यू जर्सीतून ऑर्डर देते, नंबर बाबांचा टाकते. मग बाबा फोनवर प्रत्येकाला पत्ता, मजला, "हो, तिजोरीच आहे, आम्ही दोघंच असतो," असं सगळं मोकळेपणाने सांगतात. त्यापेक्षा त्या दिवशी हजर राहू शकेल अशा भाचा-पुतण्याचा नंबर द्या आणि त्यालाच बोलू द्या.

डिलिव्हरीचा दिवस

घरात दोन मोठी माणसं हवीत. एक कारागिरासोबत खोलीत, दुसरं बाहेरच्या दाराशी. कामाच्या गडबडीत दार सताड उघडं राहतं आणि पॅसेजमधून कोणीही आत डोकावतं.

त्या दिवशी तिजोरीत ठेवायची कोणतीही वस्तू त्या खोलीत असता कामा नये. कपाट हलवायचं म्हणून दागिन्यांचा डबा उचलून पलंगावर ठेवणं ही नेहमी होणारी गोष्ट आहे. आदल्या रात्रीच तो दुसऱ्या खोलीत, कुलपात हलवा. किंवा बँकेच्या लॉकरमधून काही आणायचं असेल तर ते तिजोरी बसवून कोड बदलल्यावरच आणा. लॉकरमधून सोनं काढून घरी आणणं आणि त्याच दिवशी कारागीर येणं, एवढं टाळलं तरी पुष्कळ झालं.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये किंवा ॲपवर कामाचं कारण लिहावं लागतं. तिथे "फर्निचर" लिहून चालतं, खोटंही होत नाही. वॉचमनला जास्त सांगण्याची गरज नाही. सोसायटीत सामानाच्या लिफ्टचा वेळ ठरलेला असेल तर दुपारी अकरा ते चारमधला घ्या. संध्याकाळी मुलं खाली खेळत असतात आणि प्रत्येकाला "काय आणलंत?" विचारायचं असतं.

तिजोरी जिन्यावरून चढवायची असेल, तर कंपनीच्या माणसांकडूनच चढवा. नाक्यावरून तात्पुरते दोघे-चौघे बोलावले की बघणाऱ्यांची संख्या वाढते, आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे अपघाताचा धोका वाढतो. शंभर किलोची पेटी सुटली तर खालच्या माणसाचा पाय जातो. पट्टे, ट्रॉली, गरज पडली तर चेनपुली त्यांच्याकडे आहे का, ते आधी विचारा. चढवताना खालच्या पायऱ्यांवर कोणालाही उभं राहू देऊ नका, घरच्या माणसांनाही.

चलनावर सही करण्याआधी खोका उघडून बघा. सील तुटलेलं असेल, किल्ल्यांचं पाकीट फाटलेलं असेल किंवा किल्ली एक कमी असेल, तर ती तिजोरी घेऊ नका. किल्लीची प्रत कुणाकडे आहे हा प्रश्न घेऊन झोपण्यापेक्षा परत पाठवणं सोपं.

बोल्ट मारणं

सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर. सोबत येणाऱ्या पिशवीत दोन ते चार बोल्ट असतात आणि कारागीर दहा मिनिटांत ठोकून मोकळा होतो. ते कशात बसले आहेत हे कोणी विचारत नाही.

जमिनीत बसवणार असाल तर लक्षात ठेवा: टाइल आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा थर मिळून बहुधा दीड-दोन इंच होतो. त्याखाली खरा आरसीसी स्लॅब. आखूड बोल्ट त्या वरच्या थरातच अडकतो आणि पहारीने रेटला की टाइलसकट बाहेर येतो. बोल्टची लांबी त्या थरापलीकडे जाऊन काँक्रीटमध्ये घट्ट बसेल एवढी हवी. उलट बाजूने, स्लॅबच्या आत दोन-अडीच इंचांपेक्षा खोल जाऊ नका. स्लॅब साधारण पाच इंचांचा असतो आणि तुमची जमीन म्हणजे खालच्यांचं छत. ड्रिलच्या बिटाला हवी त्या खोलीवर चिकटपट्टी लावायला सांगा, चांगला कारागीर स्वतःच लावतो. टाइल तडकू नये म्हणून आधी ड्रिलचा हॅमर (ठोके मारण्याची सोय) बंद ठेवून टाइलच्या बिटाने भोक पाडायचं, काँक्रीट लागल्यावर हॅमर चालू करायचा. भोकातली धूळ हवा मारून काढायची, नाहीतर बोल्ट नीट धरत नाही.

ड्रिल सळईला लागलं की आवाज बदलतो आणि बिट पुढे सरकत नाही. तिथे जोर लावून सळई कापू देऊ नका, भोक इंच-दोन इंच बाजूला घ्या. तिजोरीच्या तळाला भोकं ठरलेल्या जागी असतात, म्हणून पेटीच थोडी सरकवावी लागेल. काही नव्या टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचे असतात, म्हणजे आत ताणलेल्या केबल्स असतात. तिथे बिल्डरची किंवा सोसायटीची लेखी परवानगी आणि केबलचा नकाशा मिळाल्याशिवाय ड्रिल अजिबात नको.

भिंतीत बसवायची असेल तर भिंत कशाची ते ठोकून पाहा. नऊ इंची विटांची किंवा जांभ्याची भिंत ठीक. आतली चार इंची भिंत कमकुवत असते. सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे फुगणारे बोल्ट पकडच धरत नाहीत. तिथे केमिकल अँकर (भोकात चिकटणारं रसायन भरून पक्के केलेले बोल्ट) लागतात किंवा भिंतीच्या पलीकडून प्लेट लावून आरपार बोल्ट घ्यावे लागतात. अशा घरात मी तरी जमिनीलाच बांधेन. भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायर असते, तिथे भोक नको. पाइप गॅसची आणि एसीच्या पाण्याची नळी कुठून जाते तेही आधी बघा.

बोल्ट आतून, तिजोरीचं दार उघडं ठेवून आवळले जातात. काम झाल्यावर स्वतः पेटी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. जराही डुगडुगली तर पुन्हा आवळायला लावा, नाहीतर वॉशर घालायला सांगा. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी मेसेजवर घ्या, नंतर डिपॉझिटवरून वाद नको.

कोड आणि किल्ल्या

कारागीर दाखवण्यासाठी कारखान्याचा कोड वापरतो. तो त्या मॉडेलच्या प्रत्येक तिजोरीला तोच असतो आणि पुस्तिकेत छापलेला असतो. कोड कसा बदलायचा हे त्याच्याकडून शिकून घ्या, पण नवा कोड तो असताना टाकू नका. तो गेल्यावर, खोलीचं दार बंद करून, तिजोरीचं दार मात्र उघडं ठेवूनच बदला. उघड्या दारातच तीन-चार वेळा कोड टाकून कड्या आत-बाहेर होतात का ते बघा. मग दार लावा.

पुष्कळ मॉडेलमध्ये दोन कोड असतात, एक वापराचा आणि एक मास्टर. लोक पहिला बदलतात, दुसरा तसाच राहतो. बोटाच्या ठशाची तिजोरी असेल तर आणखी एक: प्रात्यक्षिक दाखवताना कारागीर बहुधा स्वतःचंच बोट नोंदवतो. सगळे ठसे पुसून घरच्यांचे नव्याने घ्या. मोबाइल ॲपवर चालणारी असेल तर फॅक्टरी रीसेट करून स्वतःच्या खात्यावर जोडा.

कोड म्हणून गाडीचा नंबर, लग्नाची तारीख, पिनकोड नको. चार आकडी ऐवजी सहा-आठ आकडी चालत असेल तर तसा घ्या. बटणांवर तेलकट ठसे राहतात, अधूनमधून सगळं कीपॅड पुसा.

आणीबाणीची किल्ली तिजोरीतच ठेवणारे लोक आहेत. सेल संपले की मग कुलूपवाल्याला बोलवावं लागतं, आणि पुन्हा एक माणूस वाढतो. शेजारच्या कपाटात, डाळीच्या डब्यात, देवघराच्या खणात किंवा गादीखालीही ती नको, चोर तिथेच आधी बघतो. एक किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरी दुसऱ्या घरात राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाकडे, असं वाटून ठेवा. त्या नातेवाइकाला कोड सांगू नका. किल्लीवर कोरलेला क्रमांक लिहून घ्या, फोटो मात्र फोनमध्ये नको.

बहुतेक तिजोऱ्या चार पेन्सिल सेलवर चालतात. वर्षातून एकदा, दसऱ्याला म्हणा, चारही एकदम बदला. काही मॉडेलमध्ये सेल संपल्यावर बाहेरून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून दार उघडता येतं. तशी सोय आहे का ते पुस्तिकेत आत्ताच पाहून ठेवा.

खोका, पावती, फोटो

खोका जिन्यात किंवा कचऱ्याच्या जागी उभा ठेवू नका. नाव-पत्त्याचं लेबल फाडा, पुठ्ठा कापून आतली बाजू बाहेर करा आणि दुसऱ्या रद्दीत घालून द्या. वॉरंटीची नोंदणी कंपनीच्या साइटवरून स्वतः करा. पुढे "सर, तिजोरीच्या सर्व्हिसिंगसाठी येतोय, मॉडेल कोणतं आहे?" असा फोन आला तर काहीही न सांगता ठेवा आणि कंपनीला उलट फोन करा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कुठली तिजोरी चांगली?" हा प्रश्नही विचारू नका. खरेदीनंतर तर नाहीच.

मग आत काय ठेवायचं? रोजच्या वापरातले दागिने, थोडी रोकड, मूळ कागदपत्रं. क्वचित घालायचे जड दागिने मी अजूनही बँकेत ठेवेन, तिथल्या मर्यादा माहीत करून घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. भाडं चार हजार असेल तर चार लाख, आत कितीही असलं तरी. म्हणून घरचा विमा घेताना दागिन्यांसाठी वेगळी रक्कम लागते का, आणि ते तिजोरीत बंद असावेत अशी अट आहे का, हे लेखी विचारा. तिजोरीचं बिल, बोल्ट लावल्याचा फोटो, दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो यांची प्रत घराबाहेर ठेवा.

घरात ज्यांना कोड माहीत आहे त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा, विशेषतः आजी-आजोबांना. कोणी शस्त्र दाखवून उघडायला लावलं तर लगेच उघडून द्यायचं. नंतर ११२.

घर बदलताना

तिजोरी हलवायची वेळ आली तर ती आदल्या दिवशी रिकामी करा, कोड परत कारखान्याचा ठेवा आणि बोल्ट स्वतःसमोर काढून घ्या. पॅकर्सच्या यादीत "तिजोरी" न लिहिता "लोखंडी कपाट, लहान" असं लिहिलं तरी चालतं, पण मालाच्या विम्यात तिची खरी किंमत नोंदवा. जुनी तिजोरी विकत असाल तर सगळ्या किल्ल्या मोजून द्या. आणि सेकंडहँड घेत असाल तर पहिल्याच दिवशी कुलूप बदलून घ्या, कारण आधीच्या मालकाने किल्लीची प्रत कोणाला दिली होती हे त्यालाही आठवत नसतं.